नाव-गाव नसलेला रिपीटरचा पॉवर ॲम्प्लिफायर: ओळख त्याच्याकडूनच काढून घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या सामानात एक जड काळा डबा हाती आला आहे. पाठीवर उंच पंखांचं हीटसिंक, एका टोकाला एन कनेक्टर, दुसऱ्या टोकाला बीएनसी, एक लाल आणि एक काळी अशा दोन जाड वायर, आणि बाजूला नऊ पिनांचा कनेक्टर. लेबल खरवडून काढलेलं. देणाऱ्याने ‘रिपीटरचा पॉवर ॲम्प्लिफायर आहे’, म्हणजे ऐकलेलं बोलणं जोरात पुन्हा प्रसारित करणाऱ्या रेडिओ स्टेशनचा पॉवर वाढवणारा भाग आहे, एवढंच सांगितलं. हा कोणत्या बँडचा, किती वॅटचा, आणि १३.८ व्होल्ट लावून बघायला हरकत आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हरकत आहे. आज तरी लावू नका.

अनोळखी ॲम्प्लिफायर चार कारणांनी मरतो: जास्त व्होल्टेज, जास्त ड्राइव्ह (इनपुटला दिलेली पॉवर), आउटपुटला लोड (अँटेना किंवा तिच्याऐवजी पॉवर पिणारा रेझिस्टर) नसणं आणि बायसचा (ट्रान्झिस्टरला आधीच थोडं उघडं ठेवणाऱ्या व्होल्टेजचा) घोळ. यातलं कुठलंही कारण पापणी लवायच्या आत ट्रान्झिस्टर उडवतं. शेवटच्या स्टेजचे (पॉवर वाढवण्याच्या शेवटच्या टप्प्याचे) ते ट्रान्झिस्टर बहुधा आता बनतच नाहीत, आणि त्या नावाने जे विकायला येतात त्यांत नवी छपाई केलेले नकली पुष्कळ असतात. एक घाई झाली की डब्याचं फक्त हीटसिंक उरतं. उलट डबा बंद ठेवून तो किती वेळ बघायचा यावर काही मर्यादा नाही, आणि बहुतेक सगळी माहिती बघूनच मिळते.

मॉडेल नंबर सापडला तर उत्तमच, पण त्याच्यामागे फार धावू नका. तुम्हाला पाच गोष्टी कळायला हव्यात: व्होल्टेज, बँड, इनपुटला किती वॅट द्यायचे, आउटपुटला किती वॅट येतात, आणि आतली स्टेज क्लास सी (बायस नसलेली, ड्राइव्ह आला तरच चालणारी) आहे की बायस दिलेली. माझा नियम असा की या प्रत्येक गोष्टीला एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साक्षी मिळेपर्यंत पॉवर सप्लायला हात लावायचा नाही. लेबल ही एकच साक्ष झाली, आणि तीही कच्ची. माझ्याकडे एकदा ४५० मेगाहर्ट्झचं स्पष्ट लेबल असलेला डबा आला होता. उघडला तर आत १५० मेगाहर्ट्झचा बोर्ड. आधीच्या कुणीतरी दुरुस्ती करताना चांगलं हीटसिंक दुसऱ्या युनिटवरून आणून लावलं होतं, लेबलासकट.

बाहेरून सुरुवात करू. पुढची पट्टी ४८२.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे १९ इंची रॅकची असेल, तर डबा स्टेशनसाठीच बनलेला आहे. आउटपुटला एन कनेक्टर असणं चांगलं लक्षण आहे, पण त्यावरून बँड ठरत नाही, कारण एन कनेक्टर व्हीएचएफपासून (इथे साधारण १५० मेगाहर्ट्झ) काही गिगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे चालतो. एसओ-२३९ (जाड आट्यांचा जुना कनेक्टर) असता तर मी व्हीएचएफ किंवा त्याखालचा बँड धरला असता, कारण यूएचएफवर (इथे साधारण ४५० मेगाहर्ट्झ) जाणकार डिझायनर तो टाळतो. आत रिले आहे का, हेही बघा. इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे रिले असेल, तर तो बोलताना ॲम्प्लिफायर मध्ये घेणारा आणि ऐकताना बाजूला करणारा, म्हणजे गाडीत किंवा टेबलावर एकाच रेडिओला जोडायचा ॲम्प्लिफायर आहे. रिपीटरच्या ट्रान्समीटरचा मार्ग वेगळा आणि कायमचा जोडलेला असतो, त्यात रिलेचं काम नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. गाडीतला १०० वॅटचा ॲम्प्लिफायर मिनिटभर बोलून चार मिनिटं गप्प बसण्यासाठी बनलेला असतो. रिपीटरवर बसवला तर पहिल्याच गजबजलेल्या संध्याकाळी तो तापून जातो.

वायरची जाडी आणि फ्यूज यांवरून पॉवरचा वरचा अंदाज येतो. १३.८ व्होल्टवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर आत जाणारी डीसी पॉवर ४१४ वॅटच्या वर नाही. कार्यक्षमता ५० टक्के धरली तर आउटपुट कितीही ओढूनताणून २०० वॅटच्या आत, आणि फ्यूज नेहमी सैल हाताने निवडलेला असल्यामुळे प्रत्यक्षात १०० ते १५० वॅट. तोच ३० अँपिअरचा फ्यूज २८ व्होल्टच्या युनिटमध्ये असेल तर हे आकडे दुप्पट होतात. म्हणून आधी व्होल्टेज ठरवायला हवं.

झाकण काढण्याआधी सगळ्या कोपऱ्यांत छापलेले, कोरलेले, रबरी शिक्क्याने उमटवलेले आकडे टिपून घ्या. मुख्य लेबल गेलं तरी बोर्डावरचे नंबर सहसा राहतात. जुन्या मोटोरोला सामानाच्या किट क्रमांकात, म्हणजे टीएलडी, टीएलई असल्या तीन अक्षरी सुरुवातीत, तिसरं अक्षर बँड सांगतं: बी असेल तर लो बँड, डी असेल तर १५० मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ, ई म्हणजे यूएचएफ, एफ म्हणजे ८०० आणि त्यावर. तिथे एन असेल तर तो भाग कुठल्याच बँडचा नाही, सगळीकडे वापरलेला आहे. १९ आकडा, मग एक इंग्रजी अक्षर, मग सहा आकडे असा नंबर दिसला तर तो जनरल इलेक्ट्रिकचा ड्रॉइंग नंबर असतो. पुष्कळ जण तो मॉडेल समजून शोधत बसतात. एफसीसी आयडी, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार खात्याने दिलेला मंजुरीचा नंबर, दिसला तर नशीब उघडलं. त्याची पहिली अक्षरं उत्पादक सांगतात (एबीझेड म्हणजे मोटोरोला), आणि अमेरिकेच्या त्या खात्याच्या खुल्या नोंदींत त्या युनिटचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा आणि मंजूर पॉवर दोन्ही मिळतात. ट्रान्झिस्टरवर किंवा आयसीवर ८७३४ असा चार आकडी नंबर असेल तर तो भागाचा नंबर समजू नका. तो १९८७ सालचा ३४वा आठवडा आहे. त्यावरून युनिटचा काळ कळतो, आणि काळावरून आत बायपोलर (जुन्या जातीचा, बेस असलेला ट्रान्झिस्टर) असेल की एलडीमॉस (नंतर आलेला, गेट असलेला) याचाही अंदाज येतो.

आता झाकण. पण त्याआधी एक सूचना, आणि ती मी प्रत्येकाला देतो. आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) पॉवर ट्रान्झिस्टरच्या पोटात दिसणारी पांढरी सिरॅमिक तबकडी बहुधा बेरीलियम ऑक्साइडची असते. आउटपुटच्या सर्क्युलेटरवर (पॉवर एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) लावलेला जाड पट्टीसारखा रेझिस्टरही त्याचाच असू शकतो. अखंड असताना त्याचा काही त्रास नाही. पण तो फोडला, घासला, कानस मारली आणि ती धूळ श्वासात गेली, तर फुफ्फुसाचा कायमचा आजार होतो. नंबर दिसत नाही म्हणून पॉलिश पेपरने घासू नका. तडकलेला तुकडा दिसला तर फुंकर मारू नका, ओल्या कापडाने टिपून बंद पिशवीत ठेवा.

नंबर वाचायला घासावं लागतच नाही. बॅटरीचा उजेड अगदी आडवा पाडा, वर स्पिरिटचा एक थेंब टाका, आणि मोबाइलने फोटो काढून मोठा करा. पुसलेली छपाईही बऱ्याचदा वर येते.

व्होल्टेजची पहिली साक्ष सप्लायच्या रांगेतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर देतात. त्यांच्यावर १६ किंवा २५ व्होल्ट लिहिलं असेल, तर ती लाइन २८ व्होल्टची असूच शकत नाही. ३५ किंवा ५० लिहिलं असेल तर २४–२८ व्होल्टची शक्यता मोठी. पण तिथे खात्री धरू नका, कारण १२ व्होल्टच्या लाइनवर ५० व्होल्टचा कॅपॅसिटर लावायला कुणाची मनाई नसते. म्हणजे ही साक्ष एका बाजूनेच पक्की आहे. दुसरी साक्ष ट्रान्झिस्टर देतो.

शेवटच्या स्टेजवरचा नंबर वाचता आला तर अर्धं काम तिथेच होतं. काही नेहमीची मंडळी सांगतो. २एन६०८४ हा १२.५ व्होल्टवर १७५ मेगाहर्ट्झपर्यंत ४० वॅट देणारा. एमआरएफ२४७ त्याच बँडचा, ७५ वॅटचा. २एससी२७८२ हाही १२.५ व्होल्टचा व्हीएचएफवाला, ८० वॅटचा. एमआरएफ६४८ दिसला तर तो ४७० मेगाहर्ट्झपर्यंतचा, १२.५ व्होल्ट, ६० वॅट. एमआरएफ३१७ मात्र २८ व्होल्टचा, ३० ते २०० मेगाहर्ट्झ, १०० वॅट. एमआरएफ८९८ असेल तर बँड ८५० ते ९६० आणि सप्लाय २४ व्होल्ट. लांबट, पट्टीसारखं मॉड्यूल असेल आणि नंबर आरएने सुरू होत असेल, तर मित्सुबिशीने उत्तर नावातच लिहून ठेवलं आहे. आरए३०एच४०४७एम म्हणजे ३० वॅट, ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ. आरए६०एच१३१७एम म्हणजे ६० वॅट आणि १३५ ते १७५.

अडचण येते ती घरगुती नंबरांची. मोठे उत्पादक ट्रान्झिस्टर बनवणाऱ्याकडून स्वतःचा नंबर छापून घेत. तो नंबर कुठल्याही डेटाशीटमध्ये मिळत नाही. इथे बरेच जण हात टेकतात. पण बोर्डाची भूमिती कुणाला घरगुती नंबर देऊन लपवता येत नाही, आणि मला सगळ्यात विश्वासाची साक्ष तीच वाटते.

मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन किंवा चार ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात. त्यांना ड्राइव्ह वाटून देण्यासाठी आणि त्यांची पॉवर परत एकत्र करण्यासाठी पाव तरंगलांबीच्या तारा वापरतात. दोन सारख्या लांबीचे कोॲक्सचे (अँटेनाच्या केबलसारख्या गोल केबलचे) तुकडे एका बिंदूपासून निघून दोन ट्रान्झिस्टरांकडे गेलेत आणि त्यांच्या दूरच्या टोकांमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आहे, असं दिसलं की ती विल्किन्सन नावाची, पॉवर वाटणारी किंवा एकत्र करणारी जोडणी. फुटपट्टी घ्या आणि तुकडा मोजा. पाव तरंगलांबी म्हणजे हवेत ७,५०० भागिले मेगाहर्ट्झ, इतके सेंटिमीटर. टेफ्लॉनच्या कोॲक्समध्ये लहर प्रकाशाच्या साधारण ०.७ पट वेगाने जाते, म्हणून ५,२५० ला तुकड्याच्या लांबीने भागा. येणारा आकडा मेगाहर्ट्झमध्ये बँडचा मध्य. ३५ सेंटिमीटरचा वेटोळा घालून ठेवलेला तुकडा म्हणजे १५० मेगाहर्ट्झ. ११.७ सेंटिमीटर म्हणजे ४५०. सहा सेंटिमीटर असेल तर तुम्ही ८५०–९०० च्या घरात आहात. बोर्डावरच छापलेली पट्टी असेल आणि बोर्ड साध्या फायबरग्लासचा असेल, तर वेग आणखी कमी, मग ५,२५० ऐवजी ४,१०० च्या आसपासचा आकडा घ्या. दहा टक्के चूक होईल, पण १५० आणि ४५० यांच्यात गोंधळ व्हायला दहा टक्के पुरत नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेवा. जाड कोॲक्सचे बोटाएवढे आखूड तुकडे फेराइटमधून गेलेले दिसले, तर ते रुंद बँडचे ट्रान्सफॉर्मर असतात. तिथे हे गणित लावू नका.

आउटपुटच्या अगदी टोकाला लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं सगळं अडवणारा) असतो. त्यातली कॉइल तीन-चार वेढ्यांची असेल तर व्हीएचएफ. एकच वेढा किंवा नुसती कमान असेल तर यूएचएफ. ८०० च्या वर गेलं की कॉइल नाहीशा होतात आणि नुसत्या पट्ट्या आणि चिप कॅपॅसिटर उरतात. नॅनो व्हीएनए (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पलीकडे जातो आणि किती परत येतो हे दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर फिल्टर दोन्ही टोकांनी सोडवून त्याचा आलेख काढा. फिल्टर कुठे घसरतो ते बघा: १८०–२०० मेगाहर्ट्झच्या वर घसरला तर व्हीएचएफ, ५२०–६०० च्या वर घसरला तर यूएचएफ. मात्र लो-पास फक्त छत सांगतो, जमीन सांगत नाही. यूएचएफचा फिल्टर १५० मेगाहर्ट्झही आनंदाने जाऊ देतो.

जमीन सांगतो तो सर्क्युलेटर. आउटपुटजवळ चौकोनी किंवा षटकोनी धातूची वडी, तीन तोंडं, बाणाची खूण आणि एका तोंडाला लोड असं काही दिसलं तर तोच. त्यावर फ्रिक्वेन्सी छापलेली असते. नसली तरी एक सोपी युक्ती आहे, आणि तिला झाकणही काढावं लागत नाही. ॲम्प्लिफायरला सप्लाय नाही, ड्राइव्ह नाही, अशा स्थितीत व्हीएनए थेट आउटपुट कनेक्टरला लावा आणि परत येणारा सिग्नल बघा. सर्क्युलेटर त्याच्या बँडमध्येच मागून येणारी पॉवर आपल्या लोडकडे वळवतो, बँडच्या बाहेर सगळं परत फेकतो. त्यामुळे आलेखात जिथे खोल खड्डा पडतो, तो तुमचा बँड. हा खड्डा बहुधा अरुंद असतो. यूएचएफच्या चारशे-पाचशे मेगाहर्ट्झमध्ये नेमका कोणता तुकडा आहे, हेही त्याच्यावरून कळतं. ते कळणं गरजेचं असतं, कारण स्टेशनचे ॲम्प्लिफायर तुकड्यातुकड्यांत येतात. मोटोरोला क्वांटारचंच बघा: यूएचएफचे ४०३–४३३, ४३८–४७०, ४७०–४९४ आणि ४९४–५२० असे चार प्रकार. ‘यूएचएफ आहे’ एवढ्यावर समाधान मानलं तर चुकीचा तुकडा पदरात पडतो. फक्त व्हीएनए जोडलेला असताना सप्लाय चुकूनही चालू करू नका.

आता क्लास. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरचा बेस आणि जमीन (ग्राउंड, म्हणजे डब्याचा धातू) यांच्यात मोजा. जवळजवळ शून्य आलं, म्हणजे बेस चोकमधून (आरएफ अडवणाऱ्या कॉइलमधून) सरळ जमिनीला आहे, तर बायपोलर क्लास सी. ड्राइव्ह नसताना तो काहीच करंट घेणार नाही. एफएम रिपीटरसाठी बनलेले बहुतेक जुने डबे असेच असतात. एफएममध्ये लहरीची उंची बदलत नाही, त्यामुळे क्लास सी चालतो, आणि डीएमआर या डिजिटल पद्धतीची चार पातळ्यांची मोड्युलेशनही त्यातून जाते. लहरीची उंची बदलणाऱ्या टेट्रा किंवा एसएसबी या पद्धतींना मात्र तो निरुपयोगी. मोजमाप शून्य आलं नाही आणि गेटकडे बारीक ट्रिमर आणि एखादा छोटा रेग्युलेटर दिसला, तर एलडीमॉस आणि बायस. त्या ट्रिमरला हात लावू नका. कुणीतरी मीटर लावून ते बसवलेले असतात.

नऊ पिनांच्या कनेक्टरवर थोडा वेळ घालवा. पुढे जाणारी पॉवर, परत येणारी पॉवर, तापमान आणि कंट्रोल व्होल्टेज या चार गोष्टी तिथे सहसा असतात. पहिल्या दोन पिना आउटपुटजवळच्या छोट्या पट्टीवरच्या डायोडपर्यंत जातील, तापमानाची हीटसिंकला चिकटवलेल्या थर्मिस्टरपर्यंत. कंट्रोलची पिन शोधणं सगळ्यात मोलाचं. बऱ्याच युनिटमध्ये पहिल्या स्टेजचा सप्लाय एका पास ट्रान्झिस्टरमधून येतो, आणि त्या ट्रान्झिस्टरला स्टेशनचा कंट्रोल बोर्ड सांगतो किती उघडायचं. ती पिन मोकळी सोडली की आउटपुट शून्य. असे कितीतरी चांगले ॲम्प्लिफायर ‘मेलेला आहे’ म्हणून भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. माग काढायचा तो आरएफ ट्रान्झिस्टरकडून नाही, तर पहिल्या स्टेजच्या कलेक्टरच्या चोककडून मागे. चोकच्या पलीकडे सप्लायची लाइन आली तर कंट्रोल नाही. मध्ये तीन पायांचा मोठा साधा ट्रान्झिस्टर आला तर आहे.

ड्राइव्ह किती द्यायचा हे स्टेज मोजून काढा. १२.५ व्होल्टचा मोठा यूएचएफ ट्रान्झिस्टर जेमतेम साडेचार-पाच डीबी, म्हणजे साधारण तिप्पट वाढ देतो, व्हीएचएफवाला सात-आठ, म्हणजे पाच-सहापट. चार ट्रान्झिस्टर शेवटी, एक त्यांच्याआधी, एक छोटा त्याच्याआधी असा शिडीसारखा क्रम दिसला, तर इनपुट बहुधा काही वॅट किंवा त्याहूनही कमी. शेवटी दोनच ट्रान्झिस्टर आणि त्यांच्याआधी काहीच नसेल, तर इनपुट २५ ते ४० वॅट. या दोहोंत गल्लत झाली तर काय होतं ते सांगायला नको: पाव वॅटच्या इनपुटला हातातल्या रेडिओचे पाच वॅट दिले तरी पहिला ट्रान्झिस्टर गेला. इनपुटला मोठा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) आहे का, तेही बघा. कधीकधी नंतरच्या मालकाने २५ वॅटचा रेडिओ जोडता यावा म्हणून तो घातलेला असतो.

आउटपुटचा अंदाज करताना ट्रान्झिस्टरच्या वॅटची नुसती बेरीज करू नका. ६० वॅटचे चार म्हणजे २४० होत नाहीत. कंबायनर, सर्क्युलेटर आणि फिल्टर मिळून सुमारे एक डीबी, म्हणजे वीस टक्के खातात, आणि सतत चालवायचा म्हणून डिझायनरने आधीच हात आखडता घेतलेला असतो. असा डबा मी १०० ते १५० वॅटचा धरीन. हीटसिंककडेही बघा. १०० वॅट आउटपुटला जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर पडते. पंख्याशिवाय ती सतत झेलायची तर पुस्तकाएवढं हीटसिंक पुरत नाही.

पाचही गोष्टींच्या दोन-दोन साक्षी जुळल्या की मग सप्लाय. त्यातही उतावीळ नको.

करंटची मर्यादा लावता येणारा सप्लाय घ्या. व्होल्टेज १२, मर्यादा एक-दोन अँपिअर. साक्षी २८ व्होल्टच्या बाजूने असल्या तरी सुरुवात १२ वरच, कारण २८ चा ॲम्प्लिफायर १२ वर फार तर कमी पॉवर देतो, पण १२ चा २८ वर क्षणात जातो. आउटपुटला पुऱ्या वॅटचा डमी लोड, इनपुटलाही ५० ओहमचा छोटा लोड. चालू करा. क्लास सी असेल तर करंट मिलिअँपिअरमध्येच राहील. ड्राइव्ह नसताना करंट चढला आणि पॉवर मीटरचा काटाही हलला, तर ॲम्प्लिफायर स्वतःच ओसिलेट होतोय, म्हणजे आपणहून सिग्नल तयार करतोय. लगेच बंद करा आणि सप्लायच्या लाइनवरचे सुकलेले कॅपॅसिटर बदला. जुन्या युनिटमध्ये ते सुकलेले असणं फार नेहमीचं आहे.

मग ड्राइव्ह, हिशेबाने आलेल्या आकड्याच्या दहाव्या भागापासून, आणि करंटची मर्यादा ड्राइव्हच्या बरोबरीने थोडी थोडी वर. क्लास सी सरळ रेषेत चढत नाही. बराच वेळ काहीच येत नाही आणि मग एकदम उडी मारतो. त्या मधल्या टप्प्यात अर्ध्या फ्रिक्वेन्सीवर कचरा दिसला तर घाबरू नका, पूर्ण ड्राइव्हवरही तो राहिला तरच दोष माना. स्पेक्ट्रम ॲनलायझर लावताना हिशेब कागदावर करा: १०० वॅट म्हणजे ५० डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डीबी), त्याला तेवढ्या वॅटचा ४० डीबी ॲटेन्युएटर लावला तरी १० डीबीएम उरतात, म्हणून पुढे आणखी २० डीबी हवेत. बर्ड ४३ हा पॉवर मीटर वापरत असाल तर त्यात बसवायच्या घटकावरचं अक्षर बघा. सी १०० ते २५० मेगाहर्ट्झचा, डी २०० ते ५०० चा, ई ४०० ते १००० चा. चुकीचा घटक घातला की खोटा आकडा येतो, आणि त्या आकड्याच्या मागे लागून माणूस ड्राइव्ह वाढवत नेतो.

आता बँडभर पाच-पाच मेगाहर्ट्झच्या पावलांनी जा आणि प्रत्येक ठिकाणी आउटपुट आणि करंट दोन्ही लिहा. नुसतं आउटपुट फसवतं. आउटपुट भागिले डीसी पॉवर ही कार्यक्षमता जिथे सगळ्यात वर जाते, ती त्या युनिटची खरी जागा. सुस्थितीतला क्लास सी तिथे ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास असतो. चाळिशीच्या खाली अडकला, तर चारांपैकी एक ट्रान्झिस्टर गेलेला असण्याची शक्यता मोठी. मग कंबायनरचा रेझिस्टर कोणत्या बाजूला तापतोय ते शोधा. जोडीतला एक झोपला की दुसऱ्याची अर्धी पॉवर त्या रेझिस्टरमध्ये जळते.

शेवटची कसोटी वेळाची. अर्धा तास सलग चालवा, दर पाच मिनिटांनी हीटसिंकचं तापमान आणि आउटपुट लिहा. रिपीटरचा खरा ॲम्प्लिफायर वीस-पंचवीस मिनिटांत एका तापमानाला येऊन थांबतो. तापमान चढतच राहिलं तर पॉवर कमी करून पुन्हा मोजा. १०० वॅटचा डबा ६० वर निवांत चालवणं मला नेहमी जास्त पसंत. ऐकणाऱ्याला हा दोन डीबीचा फरक कळतही नाही.

डमी लोडवर सगळं छान चालूनही डुप्लेक्सरला (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरला) जोडल्यावर बिघडलं, तर ॲम्प्लिफायरला लगेच दोष देऊ नका. डुप्लेक्सर त्याच्या अरुंद जागेपुरताच ५० ओहम असतो, बाहेर तो वाटेल ते दाखवतो, आणि सर्क्युलेटर नसलेला क्लास सी ॲम्प्लिफायर ते सहन करत नाही. मधल्या केबलची लांबी बदलली की पॉवर बदलते, ही त्याची खूण. काही जण केबल कापत बसतात. खरा उपाय मध्ये आयसोलेटर (एका तोंडाला लोड लावलेला सर्क्युलेटर) घालणं, आणि त्याच्यापुढे लो-पास फिल्टर, कारण आयसोलेटर स्वतःही थोडे हार्मोनिक तयार करतो. आणि अँटेना जोडण्याआधी त्या फ्रिक्वेन्सीचा आणि तेवढ्या पॉवरचा परवाना हातात हवा.

हेही मनात ठेवा की ‘रिपीटरचा’ हा शब्दच चुकीचा असू शकतो. पेजिंगच्या ट्रान्समीटरचे डबे हुबेहूब असेच दिसतात, २५०–३०० वॅटचे असतात आणि बरेचसे ९२९–९३२ मेगाहर्ट्झचे. मोबाइल फोनच्या सिग्नलची पॉवर वाढवणाऱ्या युनिटलाही लोक रिपीटरच म्हणतात. त्यात एसएमए कनेक्टर, बोटाच्या पेराएवढे एलडीमॉस आणि कॉइल जवळजवळ नाहीतच. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे बीएनसी इनपुट, जाड वायर, नऊ पिना, यावरून मला हा व्हीएचएफ किंवा यूएचएफ एफएम स्टेशनचा वाटतो, पण ही अजून एकच साक्ष आहे आणि तीही ऐकीव.

म्हणून आता तीन फोटो पाठवा. एक, शेवटच्या ट्रान्झिस्टरांचा, उजेड आडवा पाडून. दुसरा, कोॲक्सचे किंवा पट्ट्यांचे जे सारखे तुकडे दिसतील त्यांचा, शेजारी फुटपट्टी ठेवून. तिसरा, आउटपुट कनेक्टरपासून मागे चार बोटं अंतराचा, फिल्टर आणि सर्क्युलेटर दिसतील असा. कॅपॅसिटरांवरचे व्होल्टेज हाताने लिहून पाठवलेत तरी चालेल.